या जागेवर आधी काय होतं

त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, मेणबत्ती लागली, आणि कोणाचे जोडलेले हात अजून सुटलेही नव्हते तोच ललितनं डोमाजींच्या फोटोपुढची निळी फाईल उचलली. एवढी घाई! बापाचा स्मृतिदिन, वर्षातून एकदा येणारा. खीर खाऊन, हात धुऊन मग काय ते कागद काढावेत की नाही? पण ललित गजभिये वीज खात्यात तेहतीस वर्षं बाबूगिरी करून आता निवृत्तीला टेकला होता आणि अडकलेली फाईल त्याच्यानं बघवत नसे. त्यात ही तर घरची फाईल.

"अहो, खीर वाढू का आधी?" त्याच्या बायकोनं, ज्योतीनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"दहा मिनिटं थांब. आईची एक सही, बस."

डोमाजींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. दरवर्षी या तारखेला जबलपुरातल्या चेरीतालच्या या दुसऱ्या मजल्यावर सगळे जमत. नागपूरहून ममता येई, एका बॅगेत कपडे आणि दुसऱ्या बॅगेत संत्राबर्फी घेऊन. धाकटा अश्वजीत गच्चीवरच्या खोलीतून पायऱ्या उतरून येई, म्हणजे सगळ्यात जवळून आणि सगळ्यात उशिरा. आजही तो शेवटीच आला आणि दारापाशी, चपलांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसला. शाळेची व्हॅन चालवतो तो. सुटीच्या दिवशीही खाकी शर्टच घालतो.

घोडं कुठं अडलं होतं ते आधी सांगितलं पाहिजे. पनागर रोडवरची डोमाजींची जागा बिल्डरला द्यायची, त्यानं तिथं चार मजले चढवायचे आणि त्यातले तीन फ्लॅट या घराला द्यायचे, हे दिवाळीतच पक्कं झालं होतं. वरचे दोन भावांचे. तळमजल्याचा कुसुमबाईंचा, त्यांच्या मागं ममताचा. करारात चौदावं कलम होतं. काम सुरू करायच्या आधी जागेची पर्यावरण तपासणी होणार, मातीत काय मुरलंय ते पाहणार, आणि या जागेवर आधी काय काय होतं ते मालकानं लिहून द्यायचं. त्याशिवाय बिल्डरची बँक पैसा सोडत नव्हती. ललितनं फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं होतं, 'खुली ज़मीन, सब्ज़ी-भाजी.' झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली ती आईनं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. कुसुमबाई दुपारी थाळीत तुरीची डाळ घेऊन निवडत बसल्या होत्या. ललित ऑफिसात, ज्योती बाजारात, नात एकता कॉलेजात. बेल वाजली. दारात पाठीला पिशवी लावलेली एक पोरगी.

"आजी, मी रुचिरा. पनागर रोडच्या जागेची तपासणी आमच्याकडं आहे. तुमच्याशी बोलायचं होतं."

कुसुमबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "तू मराठी बोलते?"

"पांढुर्ण्याची आहे ना मी, आजी."

"अवं माय! मंग उभी काहून? ये, बस. पंखा लाव."

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. नागपुरात कोणी मराठी बोललं तर त्याला कोणी पाणीही विचारणार नाही, बोलतंच जो तो. जबलपुरात मात्र दारातली मराठी म्हणजे माहेरचं माणूस. कुसुमबाईंच्या दिवसात मराठी उरली होती ती 'आई, गोळी घेतली का' आणि 'आई, जेवून घ्या' एवढी. नातीला कळतं सगळं, पण उत्तर देते हिंदीत. त्यात ही पोरगी गुडघ्याला गुडघा लावून बसली, वही काढली आणि म्हणाली, "आमच्यात पद्धतच आहे आजी. जागेला सगळ्यात जास्त ओळखणारं माणूस शोधायचं, मशीन नंतर. सांगा ना, या जागेवर आधी काय होतं?"

अकरा वर्षांत कुसुमबाईंना हे कोणी विचारलं नव्हतं. फोटोला हार घालत होते सगळे, पण तो माणूस करत काय होता, सकाळी उठून जात कुठं होता, हे कोणाला ऐकायचं होतं?

"हे होते ना," त्या म्हणाल्या. "सम्यक बॅटरी वर्क्स होतं आमचं."

आणि मग त्या बोलत सुटल्या. डोमाजी भंडाऱ्याहून आले, जबलपुरात ओमती मोहल्ल्यात एका मिस्त्रीच्या हाताखाली बॅटरीचं काम शिकले, पोटाला चिमटा घेऊन ही जागा घेतली, पुढं दुकान, मागं दोन खोल्या. ट्रकवाले रांग लावत. जुनी बॅटरी फोडायची, आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, मागच्या खड्ड्यात ओतायचं, प्लेटा काढायच्या, कढईत शिसं वितळवायचं. भट्टी कुठं होती? पोरीला समजेना. कुसुमबाईंनी थाळीतली डाळ बोटांनी सरकवली. हा रस्ता. हे दुकान. ही भट्टी, इथं. हा तेजाबाचा खड्डा, कडुलिंबापासून सात पावलं. ही राखेची ढिगारी. आणि ही आमची खोली, मधोमध.

"आणि मुलं कुठं खेळायची, आजी?"

"राखेतच. आमचा अश्वजीत तर दिवसभर तिथंच. हे त्याले शिशाचे हत्ती बनवून देत. रेतीत साचा कराचा अन् ओताचं. इवलाले हत्ती! पोरगा तोंडात घालून झोपे."

रुचिराचा पेन थांबला होता. कुसुमबाईंना तेव्हा ते दिसलं, पण वाटलं, ऐकून तिलाही गंमत वाटली असेल. तिनं मोबाईलनं थाळीचा फोटो काढला. त्यांनी तिला झुणका-भाकर खाऊ घातली, लग्नाचं विचारलं, जाताना डोक्यावरून हात फिरवला. त्या रात्री कुसुमबाईंना गाढ झोप लागली. कितीतरी दिवसांनी त्यांनी घरधन्याला डोळे भरून पाहिलं होतं.

पुढं मशीन आलं. डाळीनं दाखवलं होतं तिथंच पाच भोकं पाडली. शुक्रवारी रिपोर्ट आला. मातीत शिसं, मर्यादेच्या कितीतरी पट.

"आई, हे बघ," ललितनं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. स्टॅम्प पेपरवर हिंदीत टाईप केलेलं होतं. "मी सांगतो काय लिहिलंय. तू कुसुमबाई डोमाजी गजभिये, वय चौऱ्याहत्तर. त्या मॅडमला तू जे बोललीस ते वयामुळं, विसरभोळेपणामुळं चुकीचं बोलली गेलीस. या जागेवर भट्टी, कारखाना कधीच नव्हता. बस. एवढंच."

"अन् मंग?"

"मग दिवाकरजी," म्हणजे बिल्डर, "दुसऱ्या कंपनीकडून नवीन रिपोर्ट करून घेतात. वरून तीन फूट मुरूम टाकतील, काम चालू. दोन वर्षांत तू तुझ्या घरात."

"अन् सही नाही केली तं?"

"तर चौदाव्या कलमात साफ लिहिलंय, माती घाण निघाली तर ती काढून दूर न्यायची जबाबदारी मालकाची. आपल्याला झेपणार आहे? बिल्डर दुसरीकडं जाईल. जागा अशीच पडून राहील. किती वर्षं, कोणी सांगू शकत नाही."

कुसुमबाई कागदावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. सही करायला त्या पन्नाशीत शिकल्या होत्या, प्रौढवर्गात जाऊन. हिंदी काना-मात्रा लावून वाचता येई. 'भट्टी' शब्द त्यांनी शोधून काढला, आणि त्याच्या पुढचा 'कभी नहीं' पण.

"भट्टी नव्हती, तं मंग अठरा वर्षं हे तिथं काय माशा मारत होते का रे?"

ममता हसली, मग तिची नजर फोटोकडं गेली. तिनं आईच्या जवळ सरकून तिचा हात धरला. "आई, कागदावर लिहिल्यानं बाबा खोटे होतात का? तुले माहीत, आम्हाले माहीत. बिल्डरच्या कागदाले कायले जीव लावते? भैया बरोबर म्हणून राहिला. कर सही."

"तू तं भैयाच्याच बाजूनं बोलशील. तळमजला उद्या तुलाच ना," ज्योती दारातून म्हणाली. तिला खरं तर खिरीची काळजी होती, पण टोमणा आला तोंडात तर गिळायचा कशाला?

"वहिनी, मले जबलपुरात यायले एक जागा पाह्यजे. माहेर म्हणून. तुमच्या घरी मी पाहुणी असते."

"पाहुणी? चार-चार दिवस राहतेस तेव्हा..."

"ज्योती!" ललितनं दटावलं.

त्याला भांडण नको होतं. त्याला फक्त ती सही हवी होती. लोक म्हणत असतील ललितला फ्लॅटचा सोस, म्हणोत. चेरीतालचा हा फ्लॅट आहेच की. डोमाजींनी आयुष्यात एक मोठं काम केलं होतं, भंडाऱ्याच्या मजुराच्या पोरानं जबलपुरात स्वतःच्या नावाची जमीन घेतली होती. ललितनं काय केलं? दुसऱ्यांच्या फाईलींवर नोंदी केल्या. निवृत्तीच्या आधी बापाच्या जमिनीवर घर उभं राहिलं असतं, दारावर 'डोमाजी सदन' अशी पाटी लागली असती, आणि बाप कुठं असता तर म्हणाला असता, वा रे ललित. एवढ्या एका 'वा' साठी त्याचा जीव आत कासावीस होत होता. शुक्रवारी रिपोर्टात त्या थाळीचा फोटो पाहिला तेव्हा ऑफिसच्या खुर्चीत त्याला रडू आलं होतं. डाळीत भट्टी बरोबर जागेवर होती. इंचाचाही फरक नव्हता.

"आई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुझ्यासाठीच करतोय ना मी. या अठ्ठावीस पायऱ्या तू शेवटच्या कधी उतरलीस?"

होळीला. म्हणजे चार महिने झाले. कुसुमबाईंना ते सांगायचीही गरज नव्हती. गुडघे गेले होते, आणि या खिडकीतून दिसत काय होतं? पाण्याच्या टाक्या. त्यांना एक दार हवं होतं, जमिनीला लागून असलेलं. सकाळी उघडलं की समोर रस्ता, भाजीवाला, ये-जा करणारी माणसं. उंबऱ्यात बसून लसूण सोलायचा आणि 'काय बाई, कुठं चालली' म्हणायचं. आणि ते दार पनागर रोडवरच हवं होतं, कारण तिथं त्या कुसुम होत्या, कोणाची सासू, कोणाची आजी नव्हत्या. तिथं डोमाजी दुपारी काळ्या हातांनी दारात येऊन 'कुसुम, पाणी' म्हणत. त्या आवाजाची त्यांना इतकी ओढ लागली होती की कधी कधी दुपारी त्या उगाच तांब्या भरून ठेवत.

"त्यांचं नाव तं नाही ना पुसत यात?" त्यांनी विचारलं.

"नाही गं. जमिनीच्या कागदांवर नाव आहेच."

"मंग दे पेन. ते असते तं तेही म्हणले असते, कुसुम, कर सही."

ललितनं खिशातून पेन काढून टोपण उघडून दिलं. ममतानं कागदाखाली पुस्तक सरकवलं. तेवढ्यात दारापासून अश्वजीतचा आवाज आला.

"भैया, तो रिपोर्ट कुठं आहे? फोटो आहे म्हणे त्याच्यात."

"फाईलमध्ये आहे. बघ तू. इंग्रजी आहे पण."

म्हणजे तुला नाही समजणार. ललितच्या मनात तसं नव्हतं, पण सवय. अश्वजीतला कोणतीही गोष्ट सांगताना या घरात शेवटी एक अशी पुस्ती जोडली जाई. मॅट्रिकला चारदा नापास झालेला माणूस. डोमाजी हसत हसत म्हणत, "याचं डोकं म्हणजे डेड बॅटरी. कितीही लावा, चार्जच घेत नाही." गिऱ्हाइकं हसत, ललित हसे, अश्वजीतही हसे. चाळीस वर्षं तो विनोद या घरात चालला. मागच्याच आठवड्यात मोबाईलचा पासवर्ड विसरला म्हणून ललितनं पुन्हा केला होता.

अश्वजीतनं फाईल मांडीवर घेतली. थाळीच्या फोटोवर तो बराच वेळ थांबला. ही भट्टी. हा खड्डा. हे आपलं अंगण. त्याला राखेचा तो गोडसर वास आठवला, आणि बापाच्या हाताची ऊब, आणि रेतीतून निघालेला गरम हत्ती. पुढच्या पानांवर आकडे, तक्ते. एका चौकटीत लहान मुलाचं चित्र होतं. रोज बावीस लेकरं व्हॅनमध्ये बसवणाऱ्या माणसाची नजर तिथं अडकली.

"एकता, बेटा, ये क्या लिखा है? बच्चे का फोटो काहून आहे?"

एकतानं मोबाईल ठेवला आणि काकाच्या बाजूला येऊन वाकली. ती भराभरा वाचत गेली. "लिखा है कि लेड सबसे ज़्यादा छोटे बच्चों को नुकसान करता है, काका। छह साल से छोटे। मिट्टी से, हाथ मुँह में डालने से अंदर जाता है। दिमाग पर असर... बोलने में देर, पढ़ाई में..." ती थांबली.

"रुक काहून गेली? वाच."

"बस, ऐसा ही कुछ है, काका।"

"वाच ना बेटा. मले समजते तेवढं."

एकतानं बापाकडं पाहिलं. मग हळूहळू वाचलं. "पढ़ाई में पिछड़ना। याद न रहना। ध्यान न लगना। और जो नुकसान हो गया, वो बाद में ठीक नहीं होता।"

कुसुमबाईंच्या हातातल्या पेनचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका पसरत होता. ममता बोटांवर काहीतरी मोजत होती. "भैया, आपण तिथं राहाले गेलो तवा तू तेरा वर्षांचा. मी दहाची. अन् हा..."

"तीन," कुसुमबाई म्हणाल्या.

"आपण तं शाळेतच असू दिवसभर. हा घरी राहे."

ललित घाईघाईनं म्हणाला, "हे बघा, असं काही कोणी सिद्ध करू शकत नाही. हे सर्वसाधारण लिहितात. रिपोर्टात काही अश्वजीतचं नाव नाहीये." तो बोलला ते खरंच होतं. पण बोलता बोलता त्याला आपलाच मागच्या आठवड्यातला विनोद आठवला आणि त्याचं तोंड उतरलं.

अश्वजीतनं फाईल बंद केली, पुन्हा उघडली. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि इतक्या लोकांनी एकदम त्याच्याकडं बघायची त्याला सवय नव्हती.

"म्हणजे मी मठ्ठ नव्हतो का?" त्यानं विचारलं.

ममता उठली आणि चपलांतच त्याच्याजवळ बसली. "नव्हता रे," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "नव्हता रे राजा तू. आम्ही होतो."

"बाबाले माहीत नसन," अश्वजीत म्हणाला. "माहीत असतं तं हत्ती दिले नसते." मग तो आईकडं वळला. "आई, तू सही कर. माझं जे झालं ते झालं. आता तुले तुझं दार मिळालं पाह्यजे. मी सकाळी व्हॅन घेऊन तिकडूनच जात जाईन, चहा पिऊन."

कुसुमबाईंनी पेनचं टोपण लावलं. ते नीट लागेना. ललितनं मदत करायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"ललित, वरचे बाकी फ्लॅट कोणाले विकणार तुमचे दिवाकरजी?"

"विकतील कोणालाही. आपल्याला काय त्याचं?"

"लेकरंबाळंवाले येतीन ना?"

"तीन फूट मुरूम टाकणार आहेत ना वर! सांगितलं ना आई."

"तीन फूट!" त्या म्हणाल्या. "अरे, या अश्वजीतनं एकट्यानं चमच्यानं कंबरेएवढा खड्डा खोदला होता, विहीर कराची म्हणून. लेकरू काय मुरूम पाहून खेळते?" त्यांनी कागद घडी करून मुलाच्या हातात दिला. "मी नाही करत सही. मले सगळं आठवते. विसरली म्हणून मी लिहून देणार नाही."

"म्हणजे मग इथंच!" ललित उभा राहिला. त्याचा आवाज चढला. "राहा मग इथंच, टाक्या बघत! आठ महिने मी पायताण झिजवलं याच्यामागं. कोणासाठी? सांग ना, कोणासाठी? बाबांची जागा आहे ती, तिच्यावर बेशरमाची झुडपं उगवलीत! मला एकदा, फक्त एकदा काहीतरी उभं करायचं होतं तिथं!"

"मालूम आहे मले," कुसुमबाई म्हणाल्या. "मले नाही का वाटत? रोज वाटते रे. तुझ्यापरीस जास्त वाटते."

ललित बाल्कनीत गेला. काचेचं दार त्यानं जोरात लावलं, पण ते बिचारं कधीच नीट लागत नसे, त्यामुळं फोनवरचं सगळं आत ऐकू आलं. "हाँ, दिवाकरजी, नमस्ते। ...नहीं, साइन नहीं हो पाएगा। ...नहीं जी, माताजी नहीं करेंगी।" मग तो बराच वेळ ऐकत राहिला. पलीकडून काहीतरी सुचवलं जात होतं. ज्योती पदराला हात पुसत उभी होती. "नहीं, नहीं, डॉक्टर का सर्टिफिकेट कैसे बनवाएँ?" ललित म्हणाला. "याददाश्त बिल्कुल ठीक है उनकी। हम सबसे अच्छी है। जो उन्होंने बताया, वही सही है। आपका नुकसान हुआ, माफ़ी चाहता हूँ।"

तो आत आला. तो अश्वजीतसमोर उभा राहिला. मोठा भाऊ, त्यातून बाबू. माफी मागायची रीत त्याला माहीत नव्हती. "ऐक ना," तो म्हणाला, "ते बॅटरीचं... मी पुन्हा नाही म्हणणार."

"चलो, ठीक है भैया," अश्वजीत म्हणाला.

मग सगळे जेवले. वांग्याची भाजी तिखट झाली होती, तरी कोणी ज्योतीला काही म्हटलं नाही. खीर घट्ट झाली होती. ममताची संध्याकाळची गाडी होती. ललित तिला स्टेशनवर सोडायला निघाला आणि पायऱ्यांवर दोघांचं हळू आवाजात बोलणं बराच वेळ ऐकू येत राहिलं, जागेभोवती कुंपण घालावं लागेल, तिथं शेजारची पोरं क्रिकेट खेळतात ती बंद करावी लागतील, असं काहीतरी.

कुसुमबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. टाक्यांवर ऊन उतरलं होतं. आपण आता याच मजल्यावरून शेवटचं जाणार, हे त्यांना पक्कं समजलं होतं, आणि त्याचं दुःख व्हायचं तेवढं होत होतं. दार गेलं. उंबरा गेला. 'कुसुम, पाणी' म्हणणारी ती हाक ऐकायला आता कुठं जायचं? पण त्याहून मोठं काहीतरी छातीवर बसलं होतं. शाळेतून परत आलेल्या पोराच्या पाठीवर त्यांनी स्वतः दोन-तीनदा चापट मारली होती. लिही ना रे मेल्या. ते पोरगं लिहायचा प्रयत्न करत होतं.

अश्वजीत येऊन जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसला. वर खोलीत जाईल असं त्यांना वाटलं होतं.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"तिकडं जायच्या आधी आपण ओमतीत राहत होतो ना. भाड्याच्या खोलीत."

"हाव. तू तिथंच झाला."

"तवा मी कसा होतो?"

कुसुमबाई खिडकीकडून त्याच्याकडं वळल्या. "तवा? अरे, तू तं सगळ्यात लौकर बोलला. ललितपेक्षा, ममतापेक्षा. अडीच वर्षांचा असशील, अख्खं त्रिशरण म्हणून दाखवे. घरमालकीण तुले ओट्यावर उभं करून बायाले बोलवे, 'आओ, देखो, डोमाजी का लड़का।' तू हात जोडून म्हणे, एक अक्षर चुके नाही. अन् लोकाले नावानं ओळखे. गल्लीतल्या साऱ्या दुकानदारांचे नावं पाठ होते तुले."

"पाठ होते?"

"हो ना. हे म्हणत, हा पोरगा वकील होईन."

अश्वजीत थोडा जवळ सरकला. "अजून सांग," तो म्हणाला.

कुसुमबाईंनी आठवून पाहिलं. भट्टी सात पावलांवर आठवत होती, खड्डा आठवत होता, कोणत्या ट्रकवाल्याची कोणती बॅटरी तेही आठवत होतं. ओमतीच्या त्या खोलीतलं मात्र धुणं, चूल, पाण्याची रांग, पोटाला घेतलेले चिमटे. तीन लेकरं, एक बाई. त्या तीन वर्षांच्या पोराकडं नीट बघायला सवड कुठं होती? त्यांना वाटलं होतं, पुढं आयुष्य पडलंय, बघू सावकाश.

"एवढंच आठवते रे," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "कामं होते बाप्पा तवा. एवढंच आठवते."

अश्वजीतनं त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चालते," तो म्हणाला. "तेच पुन्हा सांग."

कुसुमबाईंनी डोळे पुसले आणि ओमतीच्या ओट्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.